बोरी बुद्रुक : कुकडीकाठची राख आणि उसातला वाघ

पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव सोडले आणि आळेफाटा येण्याआधी उजव्या हाताला वळले, की कुकडी नदीच्या अंगाने बोरी बुद्रुकची वाट लागते. जुन्नर तालुक्याचा हा पूर्वेकडचा भाग. पश्चिमेला नाणेघाट, शिवनेरी, लेण्याद्री आणि धो धो पावसाचा डोंगराळ मुलूख. इकडे मात्र डोंगर मागे सरतात, रान मोकळे होते आणि पाऊसही हात आखडता घेतो. गावाच्या नावातले 'बुद्रुक' म्हणजे थोरले. धाकटी ती बोरी खुर्द. फारसीतले 'बुजुर्ग' आपल्या मावळी जिभेवर घोळून घोळून 'बुद्रुक' झाले. बोर फळावरून बोरी हे नाव पडले असावे, असे गावचे जुने लोक म्हणतात, आणि बांधांवरच्या बोरीबाभळी पाहिल्या की ते खरेही वाटते.

आता त्या बोरीबाभळी पाहायला बांध शोधावा लागतो. जिकडे नजर टाकावी तिकडे ऊस. मध्ये कांद्याचे वाफे, कुठे टोमॅटोचे मांडव, कुठे द्राक्षाची बाग. पण राज्य उसाचे. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पुरुषभर उंचीचा ऊस असा दाटून उभा असतो, की सायंकाळी सायकलवरून जाताना आपण बोळातून चाललो आहोत असे वाटावे. या उसाच्या पोटात काय दडले आहे, हेच सांगण्यासाठी हा लेख.

पण त्याआधी नदीवर चला. बोरीचे नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे, आणि ते काही उसामुळे नव्हे. कुकडीने इथे आपले काठ खोल कापले आहेत. त्या दरडीत गाळाचे, वाळूचे, गोट्यांचे थर एकावर एक रचलेले दिसतात आणि त्यांतच एक फिकट, पांढुरका-करडा थर आहे. हाताला पिठासारखा मऊ लागतो. ही ज्वालामुखीची राख. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी तिच्याकडे जगाचे लक्ष वेधले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच, पण तो कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. ही राख त्या मानाने अगदी कालपरवाची, आणि इथली तर मुळीच नव्हे. ती आली सुमात्रा बेटावरून. तिथे तोबा नावाचे मोठे सरोवर आहे. ते सरोवर म्हणजे एका महाप्रचंड ज्वालामुखीचे खचलेले तोंड. तीन हजार किलोमीटरांहून दूर झालेल्या स्फोटाची राख वाऱ्यावर स्वार होऊन आली आणि आपल्या कुकडीच्या खोऱ्यात उतरली. तिचे वय किती, यावर पंडितांचा बराच खल झाला. कुणी ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची मानली, तर कुणी त्याच ज्वालामुखीच्या आठ लाख वर्षांच्या आसपासच्या जुन्या स्फोटाची.

या राखेच्या सोबतीने नदीच्या गाळात दगडी हत्यारेही सापडली आहेत. दोन्ही अंगांनी छिलून धार काढलेल्या दगडी कुऱ्हाडी, तासण्या. म्हणजे आपल्या आधी कितीतरी हजार पिढ्या या काठावर माणूसजात पाणी प्यायला येत होती, आणि त्याच पाण्यावर जनावरेही येत होती. कुणाची पाळी आधी आणि कुणाची नंतर, एवढाच प्रश्न. जवळच खोडदच्या माळावर महाकाय दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आकाशातल्या अतिदूरच्या लहरी टिपणाऱ्या. पाहुणा आला की लोक त्याला ती दाखवायला नेतात. नेऊ द्या. पण दरडीतली ही वीतभर राखही दाखवावी, एवढीच आमची सूचना. तिला तिकीट नाही, आणि राखणदारही नाही.

असो. आता उसाकडे वळू.

दर वर्षी ५ जून आला की शाळेत, ग्रामपंचायतीत, कारखान्यावर पर्यावरण दिन होतो. खड्डे खणलेले असतात, रोपे आलेली असतात, फोटो निघतो. रोप लावणारा हात पाहुण्याचा आणि पाणी घालणारा हात कुणाचा, हे मात्र बहुतेक ठिकाणी ठरलेले नसते. आपल्याकडे पाऊस नीट लागायला जूनचा दुसरा-तिसरा आठवडा उजाडतो. तोवर त्या रोपाने काय करावे, हे त्याचे त्याला विचारावे. आम्ही एका शाळेतल्या मुलांना विचारले, "हा दिवस कशासाठी रे?" तर एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "झाडं लावायसाठी." "आणि बाकीचे दिवस?" "अभ्यासाचे." मुलीचे काही चुकले नाही. आपण तिला तेवढेच शिकवले आहे.

हा दिवस नेमका कुठून आला ते पाहण्यासारखे आहे. ५ जून १९७२ रोजी स्वीडन देशातील स्टॉकहोम शहरात संयुक्त राष्ट्रांची मानव आणि पर्यावरण या विषयावरची पहिली मोठी परिषद सुरू झाली. आपल्या त्या वेळच्या पंतप्रधान इंदिरा गांधी तिथे बोलल्या. गरिबी आणि निसर्गाची हानी हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. परिषदेची आठवण म्हणून त्याच वर्षी ५ जून हा दिवस ठरवण्यात आला. आणि त्याच १९७२ साली, सप्टेंबरात, आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. बिबट्याला आज जे कायद्याचे कवच आहे ते त्यातूनच आलेले.

पण १९७२ म्हटले की आपल्या माणसाला स्टॉकहोम आठवत नाही. आठवतो तो दुष्काळ. ज्यांनी तो पाहिला त्यांना खडी फोडायची कामे आठवतात, मिलोची लाल भाकरी आठवते, दावणीची जनावरे विकायला काढलेली आठवतात. त्या दुष्काळाने या मुलखाला एकच गोष्ट शिकवली : पाणी. आणि पाणी आले. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे उभी राहिली. कालवे निघाले, उपसा योजना झाल्या. जिथे बाजरी आणि मटकी होती तिथे ऊस उभा राहिला. शिरोलीला विघ्नहर सहकारी साखर कारखाना निघाला. पोरे शिकली, घरांवर स्लॅब पडला. या सुखाला नावे ठेवण्याचा कुणाला अधिकार नाही, आणि आम्हीही ठेवणार नाही.

फक्त, पाणी आणि दाट आडोसा मिळाला की तिथे राहायला येणारे आपण एकटेच नसतो.

बिबट्याला घनदाट जंगलच लागते अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. त्याला लपायला जागा, प्यायला पाणी आणि पोटाला काहीतरी हवे. ऊस या तिन्ही गरजा भागवतो. दहा-बारा महिने कुणी आत शिरत नाही, पाट शेजारी वाहतो, आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या, वासरे आहेतच. तिथेच मादी विते. त्या पिलांनी जन्मल्यापासून पाहिले ते उसाचे पान. त्यांच्या लेखी तेच जंगल. "वाघ जंगलातून गावात येतो" असे आपण म्हणतो (आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात), पण आता अनेक वाघ कुठून येत नाहीत. ते इथलेच आहेत. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच शेतीचे खोरे निवडून कॅमेरे लावले. त्यांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जंगल नसलेल्या, माणसांनी गजबजलेल्या त्या शेतशिवारात शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक मोठे बिबटे असल्याचे आढळले. विष्ठा तपासून ते खातात काय तेही पाहिले. सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, जवळजवळ चाळीस टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा कुत्र्यांच्या वाट्यापेक्षा बराच कमी. कारण सरळ आहे. शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रे उघड्यावर असते.

हे वाचून घरातल्या माउलीने सुस्कारा सोडू नये. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांनी माणसे गमावली आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबुतच्या पट्ट्यात तीन आठवड्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन लेकरे होती आणि एक म्हातारी आई. लोकांनी रस्ता अडवला, वन खात्याची गाडी पेटवली, शेवटी एका बिबट्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत तिथल्या बायका-पुरुष गळ्यात लोखंडी खिळ्यांचे पट्टे घालून रानात जात होते. मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात घालतो, तसे. बिबट्या मान धरतो म्हणून. शहरातल्या वर्तमानपत्रांनी तो फोटो गंमत म्हणून छापला असेल. ज्याच्या घरातली बाई तो पट्टा घालून खुरपायला जाते त्याला त्यात गंमत दिसणार नाही. अशा घरी जाऊन "निसर्गाचा समतोल" समजावून सांगणाऱ्याला लोकांनी दारात उभे केले नाही, तर राग मानू नये.

मग उपाय काय? पहिला सुचणारा उपाय म्हणजे पिंजरा लावा आणि दूर नेऊन सोडा. तो जुन्नरने करून पाहिलेला आहे, आणि त्याचा हिशेबही झाला आहे. २००१ पासून या भागात धरलेले एकोणतीस बिबटे सरासरी चाळीस किलोमीटर दूरच्या जंगलांत नेऊन सोडले. त्याआधी, १९९३ ते २००१ या काळात, माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. ही मोहीम सुरू झाल्यावर ते सतरावर गेले. कमी होण्याऐवजी चौपटीहून वाढले! विद्या अत्रेय यांच्याच अभ्यासातले हे आकडे. धरलेला, पिंजऱ्यात डोके आपटून जखमी झालेला, मुलूख हरवलेला जनावर अनोळखी रानात सोडला की तो बिथरतो, भटकतो. इकडे त्याची मोकळी झालेली जागा दुसरा तरणा बिबट्या धरतो. शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगायला नको. आपल्या शेजारची पडीक जमीन किती दिवस मोकळी राहते?

या संदर्भात 'आजोबा'ची गोष्ट सांगितली पाहिजे. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर इथे, म्हणजे बोरीपासून फार दूर नाही, एक वयस्क नर बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढले, गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडून दिला. तो तिथे थांबला नाही. रेल्वेचे रूळ, मुंबई-आग्रा हमरस्ता ओलांडत तीन-चार आठवड्यांत सुमारे १२० किलोमीटर चालून तो थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत गावे होती, वस्त्या होत्या. त्याने कुणा माणसाला बोट लावले नाही. २०११ साली घोडबंदर रस्त्यावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर पुढे 'आजोबा' नावाचा मराठी चित्रपटही निघाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत : बहुतेक बिबटे माणसाला टाळतात, आणि एखादा टाळत नाही. त्या एखाद्यासाठी पिंजरा, बेशुद्धीची सुई आणि वेळ आलीच तर बंदूक, याला पर्याय नाही. जे धरून परत सोडता येत नाहीत त्यांच्यासाठी जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. तिथे ते आयुष्यभर गजाआड राहतात. पण सगळे बिबटे तिथे मावणार नाहीत, हे उघड आहे. माद्यांच्या नसबंदीचा प्रयोग करण्याची भाषाही २०२५ च्या अखेरीस जोरात सुरू झाली. होईल तेव्हा होईल. ऊस मात्र आज उभा आहे.

बोरीच्या शिवारात पाटाच्या कडेला एक बाबा पाणी धरत होते. आम्ही विचारले, "बाबा, वाघ दिसतो का?"

"दिसतो की. परवा या बांधावरनं गेला. मी इकडं, तो तिकडं."

"भीती नाही वाटत?"

"दिवसा न्हाई वाटत. पर लाईट येती रातच्याला. मग काय करायचं? पीक वाळवायचं का?"

बाबांनी एका वाक्यात जे सांगितले ते अनेक व्याख्यानांत ऐकायला मिळत नाही. शेतीपंपाची वीज रात्री, आणि बिबट्याची फिरतीही रात्री. दिवसा वीज द्या, ही या भागातल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. आमच्या मते बिबट्याच्या रक्षणाचे यापेक्षा मोठे काम दुसरे नाही. माणूस रात्री उसात उतरला नाही तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. ५ जूनला कुणी पाहुणा आला तर त्याच्याकडून रोपाबरोबर या मागणीच्या अर्जावर सहीही घ्यावी.

बाकी जे आपल्या हातात आहे ते घराघरात होण्यासारखे आहे. गोठा चारही बाजूंनी आणि वरूनही बंद हवा. बिबट्याला उंच कूड ओलांडणे अवघड नसते. मेलेली कोंबडी, वासराचा वार, खरकटे उकिरड्यावर उघडे टाकले की कुत्री जमतात, आणि कुत्री जमली की त्यांना खाणारा येतो. लहान मूल तिन्हीसांजेला अंगणात एकटे नको. बसलेला, वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. म्हणून पहाटे-रात्री बाहेर उघड्यावर बसणे हे सर्वांत धोक्याचे. ज्यांच्या वस्तीवर अजून संडास नाही किंवा आहे पण त्यात सरपण भरले आहे, त्यांनी ते आधी बाहेर काढावे. उसात शिरताना बोलत जावे, काठी आपटावी, मोबाईलवर गाणे लावले तरी चालेल. विहिरीला कठडा बांधावा. आणि बिबट्या दिसलाच तर गाव गोळा करून त्याला कोंडीत धरू नये. शंभर माणसांनी घेरलेला बिबट्या हा एकट्या बिबट्यापेक्षा शंभर पटींनी वाईट. वन खात्याला १९२६ या क्रमांकावर फोन करावा. जनावर मारले तर ताबडतोब कळवून पंचनामा करून घ्यावा, म्हणजे भरपाई अडत नाही.

आता राहिला प्रश्न दिवसाचा. आमच्या जुन्नरच्या पश्चिमेकडच्या आणि अकोल्याच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर समाजाचे लोक राहतात. आश्विन वद्य द्वादशीला आपल्याकडे वसुबारस. त्यांच्याकडे तीच वाघबारस. गावच्या शिवेवर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड असतो. त्या दिवशी गुराखी पोरे घरोघर फिरून शिधा मागतात, वाघोबापुढे चूल मांडून नैवेद्य करतात आणि 'आमच्या गुरावासरांना, लेकरांना सांभाळ' म्हणून हात जोडतात. कुठे एखाद्या पोराला वाघ करून पळवतातही. याला कुणी अंधश्रद्धा म्हणेल. म्हणो बापडा. आम्हाला यात एक शहाणपणाची गोष्ट दिसते. वाघ आहे, तो शिवेवर आहे, आणि वर्षातून एकदा सगळ्या गावाने, विशेषतः गुरामागे फिरणाऱ्या पोरांनी, ते मनाशी पक्के करायचे आहे. भक्तीही आहे आणि सावधगिरीही. तेव्हा जागृतीचा दिवस आपल्याला स्टॉकहोमहून आणावा लागला असे नाही. तो डोंगरात आधीपासूनच होता, आणि तोही नेमका हंगामाच्या तोंडावर.

कारण खरी गाठ पडते ती दिवाळीच्या आगेमागे, तोडणी सुरू झाल्यावर. बिबट्याचे घर फडाफडाने मोकळे होऊ लागते. कोयता चालता चालता सरीत मांजराएवढी दोन-तीन पिले सापडतात. अशा वेळी तोडणी तिथेच थांबवावी, पिलांना हाताळू नये, घरी तर मुळीच नेऊ नये. वन खात्याची माणसे येऊन पिले तपासतात आणि सायंकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. अंधार पडला की आई येते आणि एकेक पिलू मानेला धरून घेऊन जाते. जुन्नर भागात हे आता अनेकदा झाले आहे. पिले हलवली तर मात्र ती मादी रात्रभर त्या शिवारात ओरडत, चिडलेली फिरते, आणि पहाटे त्याच वाटेने दुधाची किटली घेऊन कुणीतरी निघालेले असते.

आणि एक गोष्ट कुठल्याच पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमात येत नाही, कारण ५ जूनला ती माणसे इथे नसतात. बीडकडून, नगरकडून ऊसतोड्यांच्या टोळ्या येतात. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या पडतात. दाराला लाकूड नाही, दिवा नाही. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात गेले की दोन-चार वर्षांची लेकरे कोपीत, नाहीतर उसाच्या कडेला झोळीत. बिबट्याचे गाव त्यांना ठाऊक नसते, वाघोबाचा दगड त्यांच्या ओळखीचा नसतो. बोरीच्या, खोडदच्या, राजुरीच्या बागायतदाराने आपल्या फडावर आलेल्या टोळीला कोप्या फडापासून लांब, वस्तीजवळ घालायला जागा दिली, वर एक दिवा टांगला, आणि पहिल्या सायंकाळी मुकादमाला बसवून हे सगळे सांगितले, तर त्याला तासभरही लागणार नाही. येत्या हंगामाच्या टोळ्या वाघबारशीच्या सुमारास उतरू लागतील.